दुसऱ्यांच्या नावावरच्या धावा

फुटबॉलमध्ये संघ मॅनेजरच्या नावाने ओळखला जातो. गोव्यात डेम्पोचा विषय निघाला की आर्मांदो कुलासो हे नाव त्याच श्वासात येते, कारण त्यांच्या हाताखाली डेम्पोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. खालिद जमील महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा मुंबईच्या संघांकडून खेळले आणि खेळ थांबल्यावर मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१६-१७ च्या हंगामात त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघच त्यांच्या हाती आला. अकरा जण कोण, डावपेच कोणते, सत्तराव्या मिनिटाला कोणाला बाहेर काढायचे, हे सारे तिथे मॅनेजर ठरवतो. हरल्यावर वार्ताहरांपुढे तोच बसतो आणि नोकरीही बहुधा त्याचीच जाते. खेळाडूचा मॅनेजर झाला की त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो आणि लोक तो पहिल्याइतकाच मन लावून पाहतात.

क्रिकेटमध्ये तसे नाही. नाणेफेक कर्णधार करतो, गोलंदाज तोच बदलतो, स्लिपमधला माणूस तोच काढतो. प्रशिक्षक तंबूत बसलेला असतो. सामना जिंकला तर शतक करणाऱ्याचे नाव मथळ्यात येते आणि हरला तर चार दिवस प्रशिक्षकाचे. म्हणून भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडू म्हणून ज्यांची चरित्रे लिहिली गेली, त्यांतले जे पुढे प्रशिक्षक झाले त्यांच्या त्या कामाला शेवटच्या चार-पाच पानांपलीकडे जागा मिळालेली नाही. पुढील प्रकरणांचा नायक अशांपैकीच एक आहे. बडोद्याचे अंशुमन दत्ताजीराव गायकवाड ४० कसोटी सामने खेळले आणि दोन वेळा भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या फलंदाजीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या प्रशिक्षकपदाकडे सलग आणि नीट पाहायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

सुरुवात गावापासून करावी लागते, कारण बडोदे नसते तर हा खेळाडू असा घडला नसता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि पुढची चौसष्ट वर्षे त्याने राज्य केले. सयाजीरावांनी शाळा, ग्रंथालये, संगीतशाळा काढल्या हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच शहरात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब, लाठी आणि कुस्ती शिकलेल्या पिढ्या तयार झाल्या, याची आठवण मात्र कमी निघते. शरीर कमावणे हे शिक्षणाचेच अंग आहे, ही समजूत या गावात आधीच रुजली होती. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या मोतीबाग मैदानावर क्रिकेट आले तेव्हा त्याला तयार जमीन मिळाली.

विजय हजारे सांगलीचे. ते बडोद्याचे झाले आणि डिसेंबर २००४ मध्ये बडोद्यातच वारले. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. असा सामना ज्या गावात झाला, तिथल्या मुलांना फलंदाजी म्हणजे खेळपट्टीवर ठाण मांडणे हे वेगळे शिकवावे लागत नाही. बडोद्याने आजवर पाच वेळा रणजी करंडक जिंकला. त्यातला १९५७-५८ चा संघ दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा. अंशुमन यांचे वडील ते हेच.

दत्ताजीरावांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण मुलाच्या आयुष्यावर तिची सावली आहे. ते ११ कसोटी खेळले. १९५९ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार म्हणून गेले. संघाचे मॅनेजर होते बडोद्याचे महाराज फत्तेसिंहराव. पाच कसोटी झाल्या आणि पाचही भारत हरला. आजारपणामुळे लॉर्ड्सच्या कसोटीत पंकज रॉय यांनी नेतृत्व केले, उरलेल्या चार दत्ताजीरावांच्या नावावर लागल्या. त्या पराभवाची कारणे अनेक होती, तरी इतिहासात कर्णधाराचे नाव राहिले. घरात असा बाप असताना मुलगा क्रिकेटमध्ये येतो तेव्हा एक गोष्ट त्याला लहानपणीच कळलेली असते: दुसऱ्यांच्या अपयशाची जबाबदारीही आपल्या नावावर लिहिली जाते. बरोबर चाळीस वर्षांनी, १९९९ मध्ये, मुलगा प्रशिक्षक म्हणून संघ घेऊन त्याच इंग्लंडला गेला आणि पराभवाचा हिशेब पुन्हा एका गायकवाडाकडे मागितला गेला.

अंशुमन यांचा जन्म मुंबईत, २३ सप्टेंबर १९५२ चा. पहिली कसोटी डिसेंबर १९७४ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, क्लाइव्ह लॉइड यांच्या वेस्ट इंडिजविरुद्ध. उंच, चष्मा लावलेला, सरळ बॅटने खेळणारा हा तरुण पाहिला की त्याच्यावर फटक्यांसाठी कोणी नजर ठेवली नसती. तो टिकायला आला होता. बडोद्यात त्यांना सगळे ‘चार्ली’ म्हणत.

त्यांच्या खेळाचा विषय निघाला की किंग्स्टनचा सामना आधी येतो, आणि तो यायलाच हवा. एप्रिल १९७६. त्याच महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात ४०३ धावांचे लक्ष्य गाठून कसोटी जिंकली होती. लॉइड यांनी त्या सामन्यात तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते. त्या पराभवानंतर त्यांचा फिरकीवरचा विश्वास उडाला आणि पुढच्या कसोटीत, सबिना पार्कवर, वेगवान गोलंदाजांचा मारा सुरू झाला. मायकेल होल्डिंग तेव्हा बावीस वर्षांचे होते. खेळपट्टीवरून चेंडू कुठे अंगावर येईल, कुठे खाली राहील, याचा भरवसा नव्हता. हेल्मेट नव्हतेच. गावसकर आणि गायकवाड यांनी सलामीला १३६ धावांची भागी केली. गावसकर ६६ वर गेले. गायकवाड राहिले. बरगड्यांवर, हातांवर, बोटांवर चेंडू घेत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिले. ८१ धावांवर असताना होल्डिंग यांचा चेंडू डाव्या कानावर बसला. कानाचा पडदा फाटला आणि त्यांना मैदानातून थेट इस्पितळात नेण्यात आले. विश्वनाथ यांचे बोट मोडले, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडाला मार बसला. बिशनसिंग बेदी यांनी ६ बाद ३०६ वर डाव घोषित केला. दुसऱ्या डावाच्या धावफलकावर भारताच्या ९७ धावा आहेत आणि पाच नावांपुढे ‘जखमी, अनुपस्थित’ अशी नोंद आहे.

त्या ८१ धावांना शतकाचा मान नाही, त्यांनी सामनाही जिंकून दिला नाही. तरी गायकवाडांचे नाव निघाले की लोकांना आधी तीच खेळी आठवते. मला तिच्यात आणखी काही दिसते. ती खेळी चालू असताना दुसऱ्या टोकाला आणि तंबूत जे बसले होते, त्यांना तिचा उपयोग होत होता. नवा चेंडू जुना होत होता, गोलंदाज दमत होता. आपण मार खायचा, मागच्याने धावा करायच्या, हे सलामीवीराचे काम. प्रशिक्षकाचे कामही पुष्कळसे याच जातीचे आहे. गायकवाडांना ते पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकावे लागले नाही, असे माझे मत आहे आणि पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने ते पडताळून पाहावे.

कानावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच हंगामात ते पुन्हा भारतासाठी सलामीला उभे राहिले. १९७९ च्या सुरुवातीला कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिले शतक, १०२. मग संघाबाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. भारताने १९८३ चा विश्वचषक जिंकला तेव्हा ते त्या संघात नव्हते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर १९८३ मध्ये, जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०१ धावा केल्या. ६७१ मिनिटे. कसोटीतले त्या वेळचे सर्वांत संथ द्विशतक म्हणून त्याची नोंद झाली. लगेच पुढच्या मालिकेत मार्शल आणि होल्डिंग समोर होते, आणि नव्या चेंडूला पुन्हा गायकवाडच. एकूण १९८५ कसोटी धावा, दोन शतके. प्रथम श्रेणीत १२,१३६ धावा आणि ३४ शतके. या दुसऱ्या आकड्यांकडे लक्ष द्यायला हवे. त्यात मोतीबागेवरच्या, पश्चिम विभागाच्या मैदानांवरच्या, रिकाम्या कठड्यांसमोर केलेल्या धावा आहेत. गुजरात स्टेट फर्टिलायझर्समधली नोकरी सांभाळत खेळणाऱ्या माणसाच्या त्या धावा आहेत. त्या काळचा कसोटीपटू असा नोकरदार होता.

शेवटची कसोटीही ईडन गार्डन्सवरच, ३१ डिसेंबर १९८४ ला सुरू झालेली, इंग्लंडविरुद्ध. त्याच कसोटीत एकवीस वर्षांच्या मोहम्मद अझरुद्दीन यांनी पदार्पण केले आणि शतक ठोकले. ज्या सामन्यात गायकवाड संपले त्या सामन्यात अझर सुरू झाले, आणि तेरा वर्षांनी एक प्रशिक्षक आणि दुसरा कर्णधार म्हणून ते पुन्हा एका संघात आले.

मधल्या काळात भारतीय संघाला प्रशिक्षक असावा ही कल्पना हळूहळू रुजत होती. आधी त्या पदाला मॅनेजरच म्हणत. बिशनसिंग बेदी १९९० मध्ये क्रिकेट मॅनेजर झाले. मग अजित वाडेकर आले आणि १९९२ ते १९९६ त्यांनी ते पद असे सांभाळले की घरच्या मैदानावर भारताला हरवणे कठीण होऊन बसले. १९९३ मध्ये इंग्लंडला ३-० ने धुतले ते त्यांच्याच काळात. वाडेकरांनंतर संदीप पाटील आले आणि काही महिन्यांतच त्यांना जावे लागले. पाटलांनी पुढे केनियाच्या संघाला २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेले, हे भारतीय मंडळाने त्यांना दिलेल्या वेळेवरचे सर्वांत स्पष्ट भाष्य आहे. मग मदनलाल. आणि १९९७ च्या अखेरीस गायकवाड. चार माणसांची पाच-सहा वर्षांतली ही ये-जा पाहिली की पदाची अवस्था कळते. संघनिवडीत प्रशिक्षकाला मत नव्हते. फलंदाजीचा वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा असे आजचे साहाय्यक नव्हते. आज संघाच्या बसमध्ये खेळाडूंइतकीच माणसे त्यांच्या दिमतीला असतात. तेव्हा तीन फलंदाजांना थ्रोडाउन द्यायचे, गोलंदाजाचा नो-बॉल पाहायचा आणि संध्याकाळी कर्णधाराशी बोलायचे, हे एकाच माणसाने करायचे असे.

गायकवाडांच्या हाती संघ आला तेव्हा सचिन तेंडुलकर कर्णधारपदाने थकले होते. जानेवारी १९९८ मध्ये अझर पुन्हा कर्णधार झाले आणि संघ ढाक्याला गेला. तिथला १८ जानेवारीचा तिसरा अंतिम सामना मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. पाकिस्तानच्या ४८ षटकांत ३१४ धावा, तोवर एकदिवसीय सामन्यात कोणीही न गाठलेले लक्ष्य, अंधारत चाललेले मैदान, गांगुलींच्या १२४, तिसऱ्या क्रमांकावर पाठवलेल्या रॉबिन सिंग यांच्या ८२, आणि शेवटून दुसऱ्या चेंडूवर साकलेन मुश्ताकला पुण्याच्या हृषीकेश कानिटकरांनी मारलेला चौकार. तो चौकार कानिटकरांच्या नावाला कायमचा चिकटला. रॉबिन सिंग यांना तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याचा निर्णय मात्र कोणाच्याच नावावर नाही. प्रशिक्षकाचे आणि कर्णधाराचे असे संयुक्त निर्णय धावफलकात कुठेच लिहिलेले नसतात. ते शोधायचे तर सामन्याचा क्रम वाचावा लागतो, आणि हे पुस्तक तसे वाचावे अशी माझी अपेक्षा आहे.

मार्चमध्ये मार्क टेलर यांची ऑस्ट्रेलिया आली. तेंडुलकरांनी मालिकेआधी लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना लेगस्टंपाबाहेर मुद्दाम उकरलेल्या जागी चेंडू टाकायला लावून सराव केला होता. चेन्नईत पहिल्या डावात ते चार धावांवर वॉर्न यांना बळी पडले आणि दुसऱ्या डावात नाबाद १५५ करून गेले. भारताने ती कसोटी १७९ धावांनी आणि कोलकात्याची एक डाव व २१९ धावांनी जिंकली. पुढच्या महिन्यात शारजा. २२ एप्रिलला वाळूचे वादळ आणि १४३, २४ एप्रिलला, पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ आणि चषक. त्या एका वर्षात तेंडुलकरांनी एकदिवसीय सामन्यांत १८९४ धावा आणि नऊ शतके केली. श्रीलंकेतली निदहास स्पर्धा, नोव्हेंबरमधली शारजातली स्पर्धा, दोन्ही भारताने जिंकल्या. मुंबईचे अजित आगरकर याच वर्षी आले आणि पहिल्या २३ सामन्यांत ५० बळी घेऊन बसले. हरभजन सिंग यांची पहिली कसोटी मार्चमधली, बंगळूरची.

इतका फुललेला फलंदाज हाताशी असताना प्रशिक्षकाने काय करायचे असते? माझ्या मते, त्याच्या वाटेत येणारे काटे काढायचे आणि स्वतः बाजूला राहायचे. वाचायला सोपे वाटते, पण भल्याभल्या माजी खेळाडूंना ते जमलेले नाही. आपल्या काळच्या कसोट्यांनी तरुणाला मोजण्याचा मोह फार मोठा असतो, आणि ६७१ मिनिटांत २०१ करणाऱ्या माणसाला तर तो अधिकच व्हायला हवा होता. गायकवाडांच्या काळात तेंडुलकर आयुष्यातला सर्वांत मोकळा खेळ खेळले, ही गोष्ट त्यांच्या प्रशिक्षकपदाच्या बाजूने मी आधी मांडेन.

विरुद्ध बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. या दोन वर्षांत परदेशात भारताने एकही कसोटी जिंकली नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये हरारेला झिंबाब्वेने ६१ धावांनी हरवले, त्यानंतर न्यूझीलंडमध्ये मालिका गेली. घरच्या खेळपट्ट्यांवर वाघ आणि बाहेर ढिले, हा जुनाच आजार होता आणि गायकवाडांना तो बरा करता आला नाही. त्यांना साधने अपुरी होती हे खरे. पण पुढे जॉन राइट यांच्या काळात हे चित्र बदलू लागले, तेही खरे.

जानेवारी-फेब्रुवारी १९९९ मधले दोन सामने वाचकाने एकत्र ठेवून पाहावेत. चेन्नईत पाकिस्तानकडून बारा धावांनी पराभव, तेंडुलकरांच्या १३६ धावा वाया. लगेच दिल्लीला, ७ फेब्रुवारीला, कुंबळे यांचे ७४ धावांत १० बळी. जिम लेकर यांच्या १९५६ च्या विक्रमानंतर कसोटीच्या एका डावात दहा बळी घेणारे ते दुसरे गोलंदाज. पाकिस्तानची एकही विकेट न पडता १०१ धावा झाल्या होत्या. मग मध्यंतरानंतर चित्र पालटले, आणि नऊ बळी झाल्यावर श्रीनाथ यांनी चेंडू यष्ट्यांबाहेर टाकत राहून दहावा कुंबळेंसाठी ठेवला. दिल्लीच्या कोटला मैदानाच्या तंबूत त्या दिवशी गायकवाड होते. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच कोलकात्याला शोएब अख्तर यांच्याशी धडक होऊन तेंडुलकर धावबाद झाले, प्रेक्षक भडकले आणि शेवटच्या दिवशी स्टेडियम रिकामे करून सामना पुरा करावा लागला. भारत ४६ धावांनी हरला. इतक्या टोकाचे दोन अनुभव एकाच महिन्यात घेतलेल्या संघाला तीन महिन्यांनी विश्वचषकाला नेणे हे कोणत्याही प्रशिक्षकासाठी अवघड काम होते.

विश्वचषकातल्या पहिल्याच सामन्यात, १५ मे रोजी होव्हला, दक्षिण आफ्रिकेचे कर्णधार हॅन्सी क्रोनिये कानात यंत्र घालून मैदानात उतरले. तंबूतून प्रशिक्षक बॉब वूल्मर त्यांच्याशी बोलत होते. सामनाधिकाऱ्यांनी ते बंद करायला लावले. तरी क्रिकेटचा प्रशिक्षक फुटबॉलच्या मॅनेजरसारखा मैदानाच्या आत शिरू पाहतो आहे, हे साऱ्या जगाने पाहिले. भारताच्या तंबूत गायकवाड होते आणि सल्लागार म्हणून ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्प्सन. सामना भारत हरला. चार दिवसांनी, १९ मे रोजी, सचिन यांचे वडील, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर वारले. सचिन मुंबईला परतले आणि त्याच दिवशी लेस्टरला भारत झिंबाब्वेकडून तीन धावांनी हरला. षटके संथ टाकल्याबद्दल भारताच्या डावातली चार षटके कापली गेली होती, ती हाताशी असती तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. अशा ठिकाणी प्रशिक्षकाला जबाबदार धरणे मला रास्त वाटते. २३ मे रोजी परतलेल्या सचिन यांनी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या, टाँटनला गांगुली १८३ आणि द्रविड १४५, दोघांची भागी ३१८. मँचेस्टरला पाकिस्तानला हरवले. पण आधीच्या पराभवांमुळे गुण कमी पडले आणि सुपर सिक्समध्येच प्रवास थांबला. सप्टेंबरमध्ये गायकवाडांच्या जागी कपिल देव आले.

वर्षभराने त्यांना पुन्हा बोलावले गेले. २००० साली क्रोनिये प्रकरण फुटले, सामनेनिश्चितीच्या चौकशा सुरू झाल्या, कपिल देव यांच्यावरही आरोप झाले. त्यांनी राजीनामा दिला. सीबीआयला त्यांच्याविरुद्ध काहीही सापडले नाही. डिसेंबरमध्ये मंडळाने अझर यांच्यावर आजीव बंदी घातली, जी २०१२ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. भारतीय क्रिकेटवरचा लोकांचा विश्वास सर्वांत खाली गेला तो हाच काळ, आणि नैरोबीतल्या आयसीसी नॉकआउट स्पर्धेसाठी सौरव गांगुलींच्या तरुण संघाबरोबर गायकवाड गेले. ३ ऑक्टोबर २००० ला केनियाविरुद्ध युवराज सिंग आणि झहीर खान पहिल्यांदा भारतासाठी खेळले. झहीर श्रीरामपूरचे, पण रणजी ते बडोद्याकडून खेळत होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध युवराज ८४, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध गांगुली नाबाद १४१. अंतिम सामन्यात गांगुलींचे शतक झाले तरी ख्रिस केर्न्स यांच्या नाबाद १०२ धावांनी न्यूझीलंड जिंकले, दोन चेंडू राखून. भारतीय क्रिकेटची पुढची दहा वर्षे ज्या खेळाडूंची म्हणून ओळखली जातात त्यांची पहिली मोठी स्पर्धा ही होती. नोव्हेंबरमध्ये जॉन राइट आले, पहिले परदेशी प्रशिक्षक. त्यानंतरचा सगळा इतिहास राइट यांच्यापासून सुरू झाल्यासारखा सांगितला जातो. तो नैरोबीपासून सुरू करावा, असे माझे म्हणणे आहे.

पुढच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. ते राष्ट्रीय निवड समितीवर होते, २०१८ मध्ये त्यांना मंडळाचा सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये कपिल देव आणि शांता रंगास्वामी यांच्याबरोबर ज्या समितीने रवी शास्त्रींना पुन्हा प्रशिक्षक नेमले, तिच्यात ते होते. म्हणजे ज्या खुर्चीवरून त्यांना दोनदा उठावे लागले, त्या खुर्चीवर कोण बसणार हे ते ठरवत होते. त्याच वर्षी माजी खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून ते मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर निवडून गेले. बडोद्याने आणखीही प्रशिक्षक दिले. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक तुषार आरोठे बडोद्याचेच. मुंबईचे चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला लागोपाठ दोन आणि मध्य प्रदेशाला एक रणजी करंडक जिंकून देऊन, प्रशिक्षकाच्या नावानेही संघ ओळखला जाऊ शकतो हे दाखवले.

दत्ताजीराव १३ फेब्रुवारी २०२४ ला, पंच्याण्णवाव्या वर्षी, बडोद्यात वारले. तेव्हा ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते. अंशुमन यांना रक्ताचा कर्करोग झाला होता आणि लंडनमध्ये उपचार चालले होते. त्याच वर्षी कपिल देव, संदीप पाटील, वेंगसरकर अशा जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी मदत मागितली, मंडळाने एक कोटी रुपये दिले. ३१ जुलै २०२४ ला, वडील गेल्यावर साडेपाच महिन्यांनी, त्यांचेही बडोद्यात निधन झाले. वय ७१. भारतासाठी ४० कसोटी खेळलेल्या आणि दोनदा संघ सांभाळलेल्या माणसाच्या औषधपाण्यासाठी मित्रांना हात पसरावे लागले, याची खंत मला अजून आहे. त्या पिढीच्या खेळाडूंचा वैद्यकीय खर्च हा उपकाराचा विषय राहता कामा नये.

आणि बडोद्याच्या वाचकांना एक विनंती. २०१८ मध्ये मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले, तेव्हा बडोद्यातल्या मराठी घरांनी काय काय जपून ठेवले आहे ते साऱ्यांनी पाहिले. क्रिकेटचेही तसेच असणार. मोतीबागेवरच्या सामन्यांच्या धाववह्या, रणजीच्या दौऱ्यांची पत्रे, जुन्या खेळाडूंच्या सरावाच्या टिपणवह्या, संघांचे फोटो कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कपाटात असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोमागे नावे आणि वर्ष लिहा. जुने खेळाडू आणि प्रशिक्षक अजून हयात आहेत तोवर त्यांच्याशी बोला आणि ते लिहून काढा. गायकवाडांच्या प्रशिक्षकपदाबद्दल जे पुढील पानांत येईल, त्यात भर घालणारे उद्या या कागदांतूनच निघेल.